सकाळची पहिली लघवी

(दृश्य : जपानमधलं एक घर, पहाट. शाळकरी मुलगा डोळे चोळत संडासाकडे निघालाय. हातात बोटाएवढी प्लास्टिकची बाटली.)

आज दप्तरासोबत ही बाटलीही शाळेत जाणार आहे. जपानमध्ये १९७४ पासून शाळकरी मुलांची लघवी दरवर्षी तपासली जाते. लघवीत प्रथिनं उतरली तर तो किडनीच्या आजाराचा इशारा असू शकतो. यातली बहुतेक मुलं ठणठणीत असतात.

पण नमुना उठल्याउठल्याच का धरायचा? दुपारी शाळेत घेतला असता तर घरोघरची ही पहाटेची लगबग वाचली नसती का?

नसती वाचली, उलट घोर लागला असता. वयात येणाऱ्या काही मुलांच्या लघवीत दिवसभर उभं राहून, हिंडून-फिरून प्रथिनं उतरतात. रात्री आडवं झालं की थांबतात. किडनी अगदी निरोगी! काहींच्या बाबतीत, उभं राहिलं की डाव्या किडनीची शीर दोन रोहिण्यांच्या बेचक्यात दाबली जाते. म्हणून झोपण्याआधी लघवी करून यायचं. नाहीतर संध्याकाळची प्रथिनं सकाळच्या बाटलीत येतात.

(दृश्य : प्रयोगशाळा. नमुन्यात बुडणारी पट्टी.)

तशी प्रथिनं प्रत्येकाच्याच लघवीत थोडीफार असतात. त्यातलं सर्वांत जास्त असणारं युरोमोड्युलिन तर किडनी स्वतःच बनवते. १९५० मध्ये टॅम आणि हॉर्सफॉल यांनी ते वेगळं काढलं. गंमत म्हणजे दोघं विषाणूंवर काम करणारे.

डॉक्टरांची नजर असते अल्ब्युमिनवर. रक्तातलं हे प्रथिन किडनीच्या चाळणीतून सहसा निसटत नाही. मूल पाणी किती प्यालं यावर लघवी दाट किंवा पातळ होते, म्हणून अल्ब्युमिन क्रिएटिनिन या लघवीतल्या टाकाऊ पदार्थाच्या प्रमाणात मोजतात. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आत असलं की ठीक. आता क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. पाच वर्षांची चिमुरडी आणि सोळा वर्षांचा पिळदार पोरगा, दोघांचं अल्ब्युमिन सारखं असलं तरी पोराचा आकडा कमी दिसणार. वय न बघता रिपोर्ट वाचला की फसगत ठरलेली.

बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या रक्तातल्या दुसऱ्या प्रथिनाची गोष्ट वेगळी. ते इतकं लहान की चाळणीतून सहज खाली येतं, पुढच्या नलिका ते परत शोषून घेतात. लघवीत ते वाढलं तर चाळणी नव्हे, नलिका बिघडल्यात. पट्टीला मुख्यतः अल्ब्युमिन कळतं, हे जवळजवळ नाहीच. जपानच्या शाळांमध्ये काहीही तक्रार नसलेले काही मुलगे सापडले. त्यांच्या लघवीत अशी बारीक प्रथिनं भरपूर होती. पुढे नव्वदच्या दशकात त्यांतल्या अनेकांच्या एका जनुकातला दोष सापडला.

आणि इथे सकाळची बाटलीच आडवी येते. रात्रभर साठलेली लघवी बहुधा आम्लधर्मी असते, आणि अशा लघवीत बीटा-२ मूत्राशयातच नष्ट होऊ लागतं. अल्ब्युमिनसाठी जी वेळ उत्तम, तीच याच्यासाठी वाईट. म्हणून कित्येक प्रयोगशाळा त्याऐवजी अल्फा-१ मायक्रोग्लोब्युलिन हे तसंच बारीक प्रथिन मोजतात. ते आम्लातही टिकतं.