मागच्या खोलीपर्यंत वायफाय

नमस्कार श्रोतेहो.

अमळनेर असो की शिरपूर, साक्री असो की पारोळा, हल्ली घरोघरी एक तक्रार ठरलेली असते. "भाऊ, आठे नेट चालस नही." पुढच्या बैठकीत राउटर बसवलेला असतो, तिथं सगळं झकास चालतं. माजघरात आलं की व्हिडिओ अडखळतो. आणि मुलीला अभ्यासाला निवांत जागा हवी म्हणून जी मागची खोली दिलेली असते, तिथं क्लासचं लेक्चर सुरूच होत नाही. मग कुणीतरी सुचवतं, रिपीटर घ्या, म्हणजे राउटरचा सिग्नल पुढे पोचवणारं छोटं यंत्र. रिपीटर येतो आणि थेट त्या मागच्या खोलीच्या सॉकेटात जाऊन बसतो. फोनवर वायफायच्या काड्या पूर्ण दिसायला लागतात, पण लेक्चर काही उघडत नाही. पैसे गेले, काम झालं नाही. बहुतेक घरांत यंत्र चांगलं असतं, त्याची जागा चुकलेली असते.

आपण हे भाषण रेडिओच्या मध्यम लहरींवर ऐकत असाल, तर त्या लहरीची लांबी काही शे मीटर आहे आणि ती सोडणाऱ्या ट्रान्समीटरची ताकद किलोवॅटमध्ये मोजतात. वायफायची लहर वीतभरसुद्धा नसते, आणि ती बहुधा दोन पट्ट्यांत येते. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची, ५ गिगाहर्ट्झची पाच-सहा सेंटिमीटरची. राउटरची ताकद म्हणाल तर १०० मिलिवॅटच्या आसपास. एवढ्याशा ताकदीची लहर भिंतीतून जाताना थकते, आणि ५ गिगाहर्ट्झची जास्त थकते. तिच्यावरून माहिती वेगानं जाते, पण पल्ला कमी. २.४ वेगाला कमी, पण भिंत पार करायला बरी. ड्युअल बँड म्हणजे हे दोन्ही पट्टे एकाच यंत्रात.

आता आपल्याकडची घरं बघा. जुनी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं, जाडजूड मातीच्या भिंती. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा त्याच भिंती घर गार ठेवतात, आणि त्याच वायफायला अडवतात. नवीन बांधकामात स्लॅबमधल्या सळ्या आडव्या येतात, म्हणून वरच्या मजल्यावर रडगाणं. त्याशिवाय लोखंडी कपाट, धान्याची पत्र्याची कोठी, स्टीलच्या भांड्यांनी भरलेली मांडणी. धातूच्या पत्र्यातून ही लहर जातच नाही. कूलरचं तर विसरूच नका. पत्र्याचं अंग, खाली टाकीभर पाणी, तिन्ही बाजूंना ओलं गवत. पाणीही ही लहर शोषून घेतं. राउटर आणि खोली यांच्या मधोमध कूलर मांडला, तर उन्हाळाभर त्या खोलीत नेट मंदावलेलं राहणार. म्हणून काही विकत घेण्याआधी राउटर कपाटामागून काढा, टीव्हीच्या पाठीमागून काढा, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर मोकळा टांगा. कित्येक घरांत एवढ्यानंच भागतं.

नाही भागलं, तर रिपीटर. हा इंटरनेट तयार करत नाही. बैठकीतलं बोलणं दारात उभं राहून आत सांगणारा माणूस असतो ना, तेवढंच याचं काम. त्यालाच नीट ऐकू आलं नाही, तर तो आत काय सांगणार? मागच्या खोलीत लावलेला रिपीटर तुमच्या फोनशी मोठ्यानं बोलतो, म्हणून काड्या पूर्ण दिसतात. पण त्याला स्वतःला राउटरचं धड ऐकू येत नसतं. फोनवरच्या काड्या रिपीटरच्या आहेत, राउटरच्या नाहीत, हे ध्यानात ठेवा. रिपीटरची जागा असते ती सिग्नल अजून चांगला आहे अशा शेवटच्या ठिकाणी.

ती जागा शोधणं अवघड नाही. फोनमध्ये वायफायचा सिग्नल मोजणारं एखादं मोफत ॲप टाका. त्यात आकडा उणे चिन्हासह दिसतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत ठीक, उणे ७० च्या पुढे घसरण, उणे ८० म्हणजे नावापुरता. फोन हातात धरून राउटरपासून मागं चालत जा आणि आकडा साठ-पासष्टच्या पुढे जायला लागला की थांबा. रिपीटर तिथंच.

अमळनेरच्या एका काकूंकडं हे करून बघितलं. घर लांबट, एकामागे एक खोल्या: ओसरी, बैठक, माजघर, स्वयंपाकघर, मागची खोली. मागच्या खोलीत आकडा ऐंशीच्या पुढे. माजघराच्या भिंतीशी उभं राहिलं तरी सत्तरच्या पुढे. पण माजघराच्या दारात आलं की साठच्या आत, कारण जुन्या पद्धतीप्रमाणे सगळी दारं एका रेषेत. लहर भिंतीतून येत नव्हती, दारातून येत होती. दाराशेजारी कोनाडा होता, त्यात तेलाची बाटली आणि जुनी कॅलेंडरं. ती काढली, रिपीटर तिथं ठेवला, जवळच्या बोर्डावरून वीज दिली. मागच्या खोलीत लेक्चर सुरू झालं. काकू म्हणाल्या, "दार लाई टाकं तं?" लाकडी दार लावलं तरी चाललं. पत्र्याचं असतं तर मात्र अडचण आली असती.

साधा, एकाच पट्ट्याचा रिपीटर स्वस्त मिळतो, मग ड्युअल बँडचे जास्त पैसे का द्यायचे? कारण साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर राउटरचं ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर फोनला सांगतो. दोन्ही एकाच वेळी जमत नाही. प्रत्येक गोष्ट हवेत दोनदा बोलली जाते आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. ड्युअल बँडमध्ये राउटरशी ५ वर बोलायचं आणि फोनशी २.४ वर, अशी वाटणी करता येते. काकूंकडं दारांच्या रेषेतून ५ चा सिग्नल नीट येत होता, म्हणून तीच वाटणी ठेवली. मधे जाड भिंत असेल तर उलट करा. काही यंत्रांत ही निवड सेटिंगमध्ये जाऊन स्वतः करावी लागते, दुकानदाराला तेवढं विचारून घ्या.

मात्र आधी तुमचा राउटर बघा. कनेक्शनबरोबर मिळालेले कित्येक राउटर फक्त २.४ चे असतात. मग रिपीटर कितीही भारी आणा, ५ वर बोलायला समोर कुणी नाही. फोनमध्ये तुमच्या वायफायची दोन नावं दिसत असतील आणि एकाच्या शेवटी ५जी असेल, तर राउटर दोन्ही पट्ट्यांचा आहे. मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचा संबंध नाही. आणि खोक्यावरच्या १२०० आकड्याला भुलू नका. ती ३०० आणि ८६७ यांची गोळाबेरीज असते, एका फोनला ती कधीच मिळत नाही. तुमचा प्लॅन ४० एमबीपीएसचा असेल तर रिपीटर त्याचे ५० करणार नाही.

माझं स्पष्ट मत सांगतो. घर फारच लांब असेल, किंवा दारं रेषेत नसतील, तर रिपीटरच्या नादी लागण्यापेक्षा राउटरपासून लॅनची, म्हणजे नेटची वायर ओढा. १०० मीटरपर्यंत ती वेग न गमावता जाते. धाब्याच्या घरात उजेडाच्या झरोक्यातून वर काढून मागं उतरवता येते. फक्त वायर उन्हापावसात टिकणारी, बाहेरच्या वापराची घ्या, साधी आपल्या उन्हात तडकते. बऱ्याच ड्युअल बँड रिपीटरना वायरचं भोक असतं. वायर जोडून सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट' निवडलं की ऐकून सांगण्याची भानगडच संपते. मेश नावाचे, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या दोन-तीन यंत्रांचे महागडे संच मोठ्या घराला चांगले, पण मातीची भिंत त्यांनाही तशीच आडवी येते. आणि केळीच्या बागेतल्या विहिरीपर्यंत नेट न्यायचं असेल, तर घरातला रिपीटर उपयोगाचा नाही. त्याला छतावर बसवायची, एकाच दिशेला तोंड असलेली वेगळी यंत्रं मिळतात.

जोडणी सोपी आहे. राउटरवर आणि रिपीटरवर डब्ल्यूपीएस नावाचं बटण असेल, तर एक दाबल्यावर दोन मिनिटांच्या आत दुसरं दाबा. जुळलं की तुमचा नेहमीचाच पासवर्ड बहुधा चालतो. बटण नसेल तर फोनवरून करता येतं. रिपीटरच्या सेटिंगचा पासवर्ड मात्र कंपनीनं दिलेला तसाच ठेवू नका.

उन्हाचं एक सांगायचं राहिलं. यातली बहुतेक यंत्रं ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात. पत्र्याच्या छताखाली किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर लावाल तर मे महिन्यात दुपारी ती बंद पडायला लागतील. सावलीची, वारा लागणारी भिंत निवडा. आणि रिपीटरचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का ते तपासा. लाइट गेल्यावर राउटर इन्व्हर्टरवर सुरू राहतो, रिपीटर बंद पडतो, आणि घरचे कनेक्शनवाल्याला फोन लावत बसतात.

नमस्कार.