उभी बाटली, आडवी बाटली

दृश्य : शाळेचा वर्ग. टेबलावर मतपत्रिकांचा गठ्ठा.

निवेदन :

या मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव नाही, पक्षाचं चिन्ह नाही. चित्रं दोनच. एक बाटली उभी, एक आडवी. गावातलं दारूचं दुकान राहावं असं वाटत असेल तर उभी, बंद व्हावं असं वाटत असेल तर आडवी. मतदार सगळ्या बायका.

समाजाला काय शोभतं हे कायद्याने ठरवावं का, हा वाद पुस्तकात जेवढा गुळगुळीत वाटतो तेवढा तो या वर्गात राहत नाही.

परंपरावादी सांगतो, घर टिकलं तर गाव टिकतं, आणि घर मोडणाऱ्या वस्तूला सरकारने वाव देऊ नये. त्याला राज्यघटनेचाही आधार आहे. अनुच्छेद 47 मध्ये मादक पेयांवर बंदी आणण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असं मार्गदर्शक तत्त्व आहे. व्यक्तिस्वातंत्र्यवादी, म्हणजे लिबर्टेरियन, विचारतो : शरीर माझं, पैसा माझा, मग परवानगी कुणाची? बायकोला मारणं हा गुन्हाच आहे, त्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदाही आहे. मारणाऱ्याला धरा. जो मारत नाही त्याचा पेला का हिसकावता?

महाराष्ट्रातला कायदा मुळातच पहिल्याच्या बाजूने झुकलेला आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्याची चौकट अजून उभी आहे, म्हणून इथे पिण्यासाठीही परवाना लागतो. विदेशी दारूचा एक दिवसाचा 5 रुपयांचा, आजीवन 1000 रुपयांचा. बिअरसाठी वय 21, कडक दारूसाठी 25. अठराव्या वर्षी सरकार निवडता येतं, व्हिस्कीसाठी मात्र आणखी सात वर्षं थांबायचं. लिबर्टेरियनांचा हा आक्षेप आम्हाला बिनतोड वाटतो. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपण हा मूलभूत हक्क मानला, तेव्हापासून त्याला धारही आली आहे. याच मुळातून आलेल्या गुजरातच्या कायद्याला त्या आधारावर न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे.

दृश्य : गळ्यातली तुळशीची माळ, जवळून.

वारकऱ्याने माळ घातली की दारू सुटते. यावर दोघांचंही भांडण नाही, कारण माळ ज्याची त्याने घातलेली असते. भांडण सुरू होतं ते एकाच्या निर्णयाने दुसऱ्याचं दुकान बंद होतं तेव्हा. म्हणून आडव्या बाटलीची पद्धत बारकाईने पाहायला हवी.

आधी अर्ज. गावातल्या महिला मतदारांपैकी किमान 25 टक्के जणींच्या सह्या लागतात. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. आणि इथे खरी मेख आहे. बहुमत मोजायचं ते मतदानाला आलेल्या बायकांचं नाही, यादीत नाव असलेल्या सगळ्या बायकांचं.

समजा, यादीत 1200 बायका आहेत. अर्जाला 300 सह्या पुरतात, पण जिंकायला 601 मतं हवीत. आल्या 750. आडवी 590, उभी 160. दुकान चालू राहतं. जी घरी राहिली तिचं मत उभ्या बाटलीच्या पारड्यात पडल्यासारखंच झालं. लग्न होऊन गेलेली लेक यादीत असते, वारलेली आजी असते. ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांच्या गावात हिवाळ्यात मतदान लागलं तर निम्मी घरं कुलूपबंद. म्हणून सह्या गोळा करण्याआधी यादी दुरुस्त करून घ्यावी, आणि ऊसतोडीच्या टोळ्या गावात परतल्यावरची तारीख मागावी. या कामात चिकाटी लागते, घोषणांनी भागत नाही.

ही अट जाचक आहे, पण आम्हाला ती योग्य वाटते. दुसऱ्याची निवड काढून घ्यायची असेल, तर हजर असलेल्यांच्या उत्साहावर ते होऊ नये. दुकान बंद करण्याची सोय परंपरावाद्याच्या मनासारखी आहे, 601 चा आकडा लिबर्टेरियनाच्या.

दृश्य : चंद्रपूर जिल्ह्यातला रस्ता, संध्याकाळ.

अख्ख्या जिल्ह्याची बंदी ही वेगळी गोष्ट. वर्धा आणि गडचिरोलीत ती जुनी आहे. चंद्रपुरात 2015 ला आली आणि 2021 मध्ये उठवली गेली. बंदीने चोरटी दारू वाढते, हे लिबर्टेरियनांचं नेहमीचं म्हणणं. ते खरं आहे, पण पूर्ण नाही. 2015 मध्येच मुंबईतल्या मालवणी वस्तीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, आणि मुंबईत बंदी नव्हती. स्वस्तात नशा हवी असलेल्या गरिबाला मिथेनॉल, म्हणजे कारखान्यात वापरायचं विषारी अल्कोहोल, पाजलं गेलं. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते आधी डोळ्यांची नस धरतं.

आडवी बाटलीही परवान्याच्या दुकानापुरतीच. हातभट्टीवर मतदान होत नाही, कारण ती कायद्याने बंदच आहे. तिथे छापाच घालावा लागतो. आणि शेजारच्या गावच्या हद्दीत, ओढ्यापलीकडे दुकान असेल, तर तिथल्या बायकांना पुन्हा पहिल्या सहीपासून सुरुवात करावी लागते.