फ्लॉपीतली मराठी

पडद्यावर दिसणारी ही पत्र्याची पेटी नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका घराच्या माळ्यावरून आजच खाली उतरवली आहे. तिच्यात साडेतीन इंची फ्लॉपी आहेत, थोड्या सव्वापाच इंची आहेत आणि कागदी पाकिटांत घातलेल्या सीडी आहेत. बहुतेकींवर बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या दिसतात: 'गप्पा, ऑगस्ट', 'सर्वांच्या कविता', 'पुसू नये'. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटरनेटवर एकमेकांना भेटलेल्या मराठी माणसांनी तेथे जे लिहिले, त्याच्या प्रती या पेटीत आहेत.

पेटीच्या मालकांचे त्या काळी कॉलेज रोडला सायबर कॅफे होते. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, ती मोजक्या महानगरांपासून. पुढे ती नाशिकसारख्या शहरांत आली तरी मोडेम दूरध्वनीच्या तारेवरच चालत असे आणि जोडणीचा प्रत्येक मिनिट पैशांत मोजला जाई. त्यामुळे जोडणी करायची, आलेला मजकूर उतरवून घ्यायचा, लगेच जोडणी तोडायची आणि मग निवांत वाचायचे, अशी रीतच पडून गेली होती. ज्या ठिकाणी हे लेखन मुळात झाले, त्यांपैकी पुष्कळ ठिकाणे आज अस्तित्वात नाहीत. काटकसरीपोटी उतरवून घेतलेल्या प्रती मात्र उरल्या आहेत.

जगभरातही असेच घडलेले दिसते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी १९७९ मध्ये यूजनेटची, म्हणजे संगणकांच्या जाळ्यावर विषयवार संदेश लिहून चर्चा करण्याच्या व्यवस्थेची, कल्पना मांडली, पण त्यावरील सुरुवातीच्या दहा वर्षांचे लेखन आज वाचता येते ते टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात संगणक सांभाळणाऱ्या हेन्री स्पेन्सर यांच्यामुळे. त्यांनी १९८१ पासून १९९१ पर्यंतचे संदेश चुंबकीय फितींवर साठवून ठेवले. त्या १४१ फितींमधून वीस लाखांहून अधिक संदेश बाहेर आले आणि २००१ च्या अखेरीस ते सर्वांसाठी खुले झाले.

आता पडद्यावर दिसणारे हात पेटीतील पहिली फ्लॉपी उघडत आहेत. धातूची झडप अलगद सरकवून आतली तपकिरी चकती प्रकाशात तिरकी धरली जाते. तिच्यावर पांढुरके ठिपके दिसले, तर ती बुरशी असते. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की वाचणारे हेड बुरशी घासत फिरते आणि चकतीवरचा चुंबकीय थर खरवडला जातो. त्याच हेडने पुढे दुसरी फ्लॉपी वाचली, तर तीही बिघडते. म्हणून ठिपके असलेली प्रत्येक चकती आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली जाते आणि ड्राइव्हचे हेडही पुन्हा पुन्हा स्वच्छ केले जाते. नाशिकच्या पावसाळ्यातली दमट हवा बंद पेटीत काय करते, ते या दृश्यातच पाहावे.

स्वच्छ झालेल्या फ्लॉपीच्या कोपऱ्यातील छोटी खिडकी उघडी केली जाते, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिले जात नाही. यानंतर फाइली एकेक करून उचलल्या जात नाहीत. संपूर्ण चकतीची जशीच्या तशी प्रतिमा घेतली जाते. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीच्या प्रत्येक बाजूला ८० वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गावर १८ खंड आणि प्रत्येक खंडात ५१२ बाइट असतात. एकूण २,८८० खंडांपैकी जे सहज वाचले जातात, ते संगणक आधी घेतो, अडणाऱ्यांची नोंद ठेवतो आणि त्यांच्याकडे नंतर पुन्हा वळतो. तरीही काही खंड हाती लागले नाहीत, तर एका वेगळ्या उपकरणाने चकतीवर चुंबकत्वाची दिशा कुठे कुठे पालटते एवढेच टिपून घेतात आणि त्यावरून मजकूर जुळवतात.

पडद्यावर उमटलेल्या या ओळी मराठी आहेत, हे सांगूनही पटणार नाही. रोमन अक्षरे, चिन्हे आणि स्वरचिन्हे लावलेली युरोपीय अक्षरे यांची ही सरमिसळ दिसते. जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागा राखलेल्या होत्या. भारतीय लिप्यांसाठीचे भारतीय मानक ब्यूरोचे इस्की हे मानकही त्याच वर्षीचे आहे. पण घरच्या संगणकावर यांपैकी काहीच सहज उपलब्ध नव्हते. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले: कुठे अर्धा 'ख', कुठे काना, कुठे रफार. प्रत्येकाची मांडणी निराळी असल्यामुळे एकाच बाइटचा एका फॉन्टमध्ये 'म' होतो आणि दुसऱ्यात मात्रा. फॉन्ट ठाऊक नसेल, तर बाइट हाती असूनही मजकूर हाती लागत नाही.

ठाऊक असला तरी मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम सोपे नसते. 'कि' लिहिताना त्या फॉन्टमध्ये आधी वेलांटी आणि मग 'क' साठवला जाई, युनिकोडमध्ये हा क्रम उलट आहे. 'सूर्य'मधला रफार तेथे 'य'च्या नंतर येई, युनिकोडमध्ये तो आधी यावा लागतो. 'दुसऱ्या'मधला र तर अनेक तयार रूपांतरकांना कळतच नाही आणि तेथे चुकीचा रफार चढतो. म्हणून येथे प्रत्येक फॉन्टचा तक्ता हाताने तयार केला जातो. रूपांतर झाले की जुनी फाइल काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे आणि ती घातक आहे, कारण तक्त्यातील चूक उद्या लक्षात आली, तर दुरुस्तीसाठी मूळ बाइटच लागतात. येथे मूळ प्रतिमा, फॉन्ट, तक्ता आणि वाचनीय प्रत एकत्र ठेवली जाते.

हे दृश्य रामकुंडाजवळ एका तीर्थोपाध्यायांच्या घरी चित्रित केले आहे. यात्रेकरूंच्या पूर्वजांच्या नोंदी असलेल्या या वह्यांमधून हवे ते पान काढायचे, तर गुरुजी आधी मूळ गाव आणि आडनाव विचारतात. संदेशाचेही तसेच आहे. तो कोणाला उत्तर म्हणून लिहिला, कोणत्या तारखेला, कोणत्या चर्चेत, हे संदेशाच्या माथ्यावरील ओळींत नोंदलेले असते, आणि नको असलेला मजकूर समजून त्या ओळी छाटल्या, की वादातले उत्तर कोणाला दिले होते, हे कधीच सांगता येत नाही.

लोक जेथे आपली पाने, गप्पा आणि चर्चा लिहीत, ती इंटरनेटवरील ठिकाणेही बंद पडली: जिओसिटीज २००९ मध्ये, ऑर्कुट २०१४ मध्ये आणि याहू ग्रुप्स २०२० मध्ये. त्यांच्यासोबत मराठीतील किती लेखन गेले, याची मोजदाद झालेली नाही. या पेटीतील लेखन ओळखीच्या वर्तुळासाठी लिहिलेले होते आणि त्यात नावे-पत्ते आहेत, त्यामुळे लेखकांची संमती मिळेपर्यंत ते खुले केले जाणार नाही.

प्रत्येक प्रतिमेच्या प्रती तीन निरनिराळ्या जागी ठेवल्या जातात आणि त्यांत एकही बाइट बदललेला नाही ना, हे ठरावीक काळाने गणिती पद्धतीने पडताळले जाते. आपल्या घरी अशा फ्लॉपी किंवा सीडी असतील, तर त्या संगणकात घालून पाहू नयेत. चिठ्ठीसह त्यांचे छायाचित्र काढावे, त्या कोठे आणि कोणी वापरल्या ते लिहून ठेवावे, आणि तेव्हाच्या फॉन्टची किंवा मराठी टंकलेखनाच्या प्रणालीची मूळ सीडी सापडली तर तीही सोबत द्यावी. या पेटीतील एका फॉन्टच्या तक्त्यात अजून रिकाम्या जागा आहेत आणि त्या भरून काढण्यासाठी तशी एक सीडी पुरेशी आहे.