राजपुत्र भुयारात पडला

नमस्कार श्रोतेहो.

जत्रेत दशावतार बघायला बसलं की संकासुर मरणार हे मांडीवरच्या पोरालाही ठाऊक असतं. संवाद कुठे लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलतात, पण शेवट पक्का. आज ज्या खेळाबद्दल बोलणार आहे त्यातही संवाद लिहिलेले नसतात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं कागदावर मांडलेलं एक पात्र, आणि एक जण सूत्रधार. शेवट मात्र फासा ठरवतो. शेवट फासा ठरवतो, आणि त्यानेच ठरवावा.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा असा खेळ आणला. तेव्हाचा नवखा जादूगार एका घावात आटोपायचा. मेला की नवा कागद, नवं पात्र. पुढे १९८४ पासून त्याच खेळाच्या ड्रॅगनलान्स नावाच्या मोहिमांत नायक नावागावासकट तयार मिळू लागले, आणि ते मेलेच तर पुन्हा परतता येईल असं मरण मोघम ठेवावं, असं सूत्रधाराला सुचवलं गेलं. १९८६ च्या वॉरहॅमर या अशाच दुसऱ्या खेळात मरण टाळायला 'फेट पॉइंट', म्हणजे नशिबाचे गुण, आले, पण मोजके. संपले की संपले. हे मला पटतं. नशीब असलं तरी त्याला हिशेब हवा.

आता मालवणची गोष्ट सांगतो.

आषाढातली संध्याकाळ. लाईट गेलेली, पडवीत कंदील. (पडव्या ग्रिल लावून बंद करायची जी टूम निघाली आहे ती मला बिलकूल आवडत नाही. पाऊस अंगावर आला नाही तर ती पडवी कसली?) पुण्याची भाची सूत्रधार. शेजारचा बारा वर्षांचा मुलगा आणि त्याची धाकटी बहीण खेळायला. सुपात उकडलेल्या आठळ्या, मीठ घालून, टोपातच उकडलेल्या. कुकरात त्यांचा लगदा होतो.

मुलाने तीन पानं लिहून आणलेली. राजपुत्र, ग्रहणात जन्मलेला, कपाळावर खूण, याच्याच हातून राक्षस मरणार असं भाकीत. बहिणीचं पात्र होडीवाली. तिचा कागद चार ओळींचा.

राक्षस राहिला लांब. पहिल्याच भुयारात घुशींनी राजपुत्राला लोळवलं. हिट पॉइंट, म्हणजे पात्राच्या अंगात उरलेला जीव, शून्य.

डंजन्स अँड ड्रॅगन्सचा आताचा नियम असा. शून्यावर आलात की दर फेरीला वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा वर पडलं तर तग धरली, दहाच्या खाली तर हुकलं. तीनदा तग धरली की जीव वाचला, तीनदा हुकलं की गेला. पुन्हा सांगतो, तीनदा तग की वाचला, तीनदा हुकलं की गेला. आणि एक पडला तर ते दोनदा हुकल्यासारखं.

पहिला फासा, बारा. पोराने छाती फुगवली. दुसरा फासा घरंगळत सुपाच्या कडेला टेकला. कंदील खाली धरला. एक.

तिसरा टाकताना त्याचा हात थरथरत होता, मी पाहिला. फासा पडला. नऊ.

कोणी बोलेना. कौलांवरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "म्हणजे मी मेलंय?" आणि माझ्याकडे बघायला लागला. माझ्या जिभेवर आलं होतं, अगं, एकदा सोडून दे त्याला. भाचीने मान हलवली. "मामा, आकडा पडलाय."

तेवढ्यात धाकटीने राजपुत्राची तलवार आपल्या कागदावर लिहून घेतली. "आता मी पुढे जातंय," म्हणाली. चार ओळींची होडीवाली त्या रात्री भुयाराच्या पार टोकाला पोचली. घुशींना तिने वल्ह्याने हाणलं, तलवार म्यानातच राहिली. भाऊ आधी भिंतीला टेकून बसला होता. अर्ध्या तासाने तोच तिला "डावीकडे, डावीकडे" म्हणून ओरडून सांगत होता. त्याचं भाकीत खरं ठरलं असतं तर त्या पोरीला हे मिळालंच नसतं, असं मला आजही वाटतं.

सकाळी तो नवा कागद घेऊन हजर. वर फक्त लिहिलेलं: खलाशी. मी विचारलं, "कपाळावर खूण?"

"नको," म्हणाला, "आधी भुयारातसून भायर तर येवंदे."

नमस्कार.