शब्द येतात, जागा चुकते

नमस्कार मंडळी. आज इंग्लिशमधल्या प्रश्नांबद्दल बोलूया, म्हणजे व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय, हू, विच आणि हाऊ ही जी गँग आहे ना तिच्याबद्दल. तुम्ही म्हणाल यात काय बोलायचं, हे तर शाळेतच पाठ झालेलं, व्हॉट म्हणजे काय आणि व्हेअर म्हणजे कुठे. खरंय, शब्द सगळ्यांना येतात. घोळ होतो तो जागेचा.

आधी आपल्याच मराठीतली गंमत बघा. 'तू येतोस का?' आणि 'तू का येतोस?' शब्द तेच तीन, पण 'का' जरासा सरकला आणि आमंत्रणाचं भांडण झालं! म्हणजे जागेची किंमत आपल्याला कळत नाही असं नाहीये. पण बाकीच्या प्रश्नांना आपण एवढी शिस्त लावत नाही, 'तू कुठे जातोस', 'कुठे जातोस तू', 'जातोस कुठे', सगळं चालतं. इंग्लिशला नाही चालत. तिथे प्रश्नाचा शब्द पहिला, त्याला चिकटून सहायक क्रियापद, मग माणूस आणि मग मूळ क्रियापद. व्हेअर आर यू गोइंग. आपण मनात मराठी जुळवतो आणि तोंडातून निघतं 'व्हेअर यू आर गोइंग', नाहीतर 'यू आर गोइंग व्हेअर?' समोरच्याला कळतं हो, पण हे शेवटचं वाक्य इंग्लिश माणूस बहुतेक वेळा आधीचं ऐकून चाट पडला की म्हणतो, 'काय? कुठे चाललायस म्हणालास?' असं. म्हणजे तुम्ही साधी चौकशी करताय आणि त्याला वाटतं याला काहीतरी खटकलं.

बरं, वाक्यात सहायक क्रियापद नसलंच तर? तर डू आणायचं. व्हेअर डू यू लिव्ह. या डूला मराठीत काही अर्थच नाही, तो नुसता जागा भरायला येतो, म्हणून आपण त्याला सरळ विसरतो. आणि आठवला की जास्तीचं करतो, 'व्हेअर डिड यू वेन्ट'. अहो, भूतकाळ डिडनं घेतला ना, तो एकदाच घ्यायचा, पुढे गो साधाच राहतो. तसा हा डू काही जन्मापासून नव्हता, शेक्सपिअरच्या काळात लोक सर्रास 'व्हॉट से यू' म्हणायचे. आपण थोडे उशिरा आलो एवढंच.

एका ठिकाणी मात्र डूला सुट्टी असते. 'तुला कोणी फोन केला?' याचं होतं हू कॉल्ड यू, आणि 'तू कोणाला फोन केलास?' याचं हू डिड यू कॉल. आपल्याकडे हे काम कोणी आणि कोणाला या रूपांनीच होऊन जातं, इंग्लिशमध्ये हू दोन्हीकडे तोच, त्यामुळे डिड आहे का नाही यावरच सगळा फरक. इथे चुकलात तर फोन भलत्याच माणसाच्या नावावर जातो.

आता हे उलटापालट करायचं एकदा जमलं की माणूस ते सगळीकडेच करायला लागतो. 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही.' नाही! प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की तो प्रश्न राहत नाही, क्रम परत सरळ होतो, आय डोन्ट नो व्हेअर ही इज. कॅन यू टेल मी व्हॉट टाइम इट इज, हेही तसंच. ही चूक भल्याभल्यांची होते, माझीही घाईत होते.

पण माझी खरी फजिती झाली ती हाऊमुळे. एकाला विचारलं, 'हाऊ इज युवर न्यू बॉस?' मला म्हणायचं होतं माणूस कसा आहे, खडूस आहे का बरा आहे. तो म्हणाला, बरे आहेत, सर्दी होती ती गेली. मराठीत 'कसा आहे' मध्ये तब्येतही येते आणि स्वभावही, इंग्लिशमध्ये हाऊनं विचारलं की बहुतेक वेळा तब्येतीचंच उत्तर मिळतं. स्वभावासाठी व्हॉट इज ही लाइक. तसंच 'कधीपासून थांबलायस' याचं आपण 'सिन्स व्हेन' करतो आणि ते तिकडे टोमण्यासारखं ऐकू येतं, सरळ हाऊ लाँग हॅव यू बीन वेटिंग म्हणा.

व्हाय जपून वापरा. पाहुण्याला आपण तरी 'का आलात' विचारतो का? 'कसं काय येणं केलंत' म्हणतो. तिकडेही व्हॉट ब्रिंग्ज यू हिअर आहेच की. किंवा मित्रांमध्ये हाऊ कम, आणि याच्यापुढे उलटापालट करायचीच नाही, हाऊ कम यू आर अर्ली. आळशी माणसांसाठी बेस्ट.

आवाजाचं एक सांगतो, रेडिओवर आहे तर ऐकवताही येईल. आर यू कमिंग? इथे शेवटी आवाज वर गेला. व्हेन आर यू कमिंग. इथे खाली आला. बहुतेक लोक दोन्हीकडे वर नेतात, मग साधा प्रश्नसुद्धा पुन्हा विचारल्यासारखा वाटतो.

आणि हो, हे शब्द आपल्याला अगदी परकेही नाहीत बरं का. संस्कृतचा कः, आपला कोण आणि त्यांचा हू मुळात एकाच घरातले, त्यांच्या शाखेत क चा ह झाला, याकोब ग्रिम या जर्मन भाषातज्ज्ञानं 1822 साली असे बदल नियमात बसवून दाखवले. म्हणून आपली काय, कधी, कुठे, किती अशी क ची रांग आणि त्यांची डब्ल्यूएचची.

फक्त आपल्या रांगेत एक जण जास्तीचा आहे, कितवा. अब्राहम लिंकन अमेरिकेचे कितवे अध्यक्ष? आता हे करा बघू इंग्लिश. विच नंबर प्रेसिडेंट म्हणाल, नाहीतर त्यांच्या आधी किती झाले असं वळसा घालून विचाराल. उत्तराला सिक्सटीन्थ असा नीट एक शब्द आहे, प्रश्नाला नाही.