कुलवधू

नाशिककर रसिकहो, तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी तरी कुठल्या ना कुठल्या मंगलकार्यात 'बोला अमृत बोला' लागलेलं असणार. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात, पंचवटीतल्या आमच्या वाड्याच्या चौकात, सनई थांबल्यावर कर्ण्यातून तेच लागलं होतं. रेकॉर्डवर चरा पडलेला होता. सुई तिथे अडकायची, मग मामा उठून बोटाने ती अलगद पुढे सरकवायचा. आजही हे गाणं गुणगुणताना त्या जागेपाशी मी नकळत थांबते.

तो आवाज ज्योत्स्नाबाई भोळ्यांचा. आज मला त्यांच्याबद्दल एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. घरातली बाई घरातच, चारचौघींसारखी उभी राहून गाऊ शकते, हे मराठी रंगभूमीला त्यांनी पटवून दिलं.

त्यांचा जन्म ११ मे १९१४ चा, गोव्यातल्या बांदिवड्याचा. माहेरचं नाव दुर्गा केळेकर. थोरल्या भगिनी गिरिजाबाई केळेकर या स्वतः नामांकित गायिका. गोमंतकातल्या अशा गाणाऱ्या घरांनी महाराष्ट्राला किती सूर दिले, हे नव्याने सांगायला नको. पण त्या घरांतल्या मुलींचं गाणं ऐकायला जो समाज रात्र रात्र बसायचा, तोच त्यांना 'कुलवधू' म्हणायला तयार नव्हता. हा शब्द जरा लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

१९३२ मध्ये केशवराव भोळ्यांशी त्यांचं लग्न झालं. केशवराव संगीतकार तर होतेच, शिवाय टोपणनावाने गाण्याची समीक्षा लिहायचे, आणि तीही भीडमुर्वत न ठेवता. पुढे 'संत तुकाराम' आणि 'कुंकू'चं संगीत त्यांचंच. नाट्यपदाला तानांचं ओझं झालंय, असं त्यांचं मत होतं. ज्योत्स्नाबाईंच्या गळ्यात त्यांना त्यावरचं उत्तर सापडलं. बाईंनी आग्रा घराण्याच्या उस्तादांची तालीम घेतली होती, म्हणजे येत नाही म्हणून त्या तान घेत नव्हत्या असं नव्हे. तान कुठे नको, हे त्यांना कळत होतं. माझ्या मते हे जास्त अवघड.

१ जुलै १९३३. 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेचं 'आंधळ्यांची शाळा' मुंबईत रंगमंचावर आलं. श्री. वि. वर्तकांनी ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककारावरून ते लिहिलं होतं. बिंबाच्या भूमिकेत एकोणीस वर्षांच्या ज्योत्स्नाबाई. तोवर प्रेक्षकांची सवय काय होती? ऑर्गन, सारंगी, 'वन्समोअर'चा गजर आणि पहाट होईपर्यंत चालणारं नाटक. बालगंधर्वांनी रंगवलेली स्त्री ही त्या काळाची सगळ्यात सुंदर स्त्री होती, यात मला शंका नाही. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ मध्ये स्वतःची नाटक मंडळी काढून बायकांसाठी वाट मोकळी केली होती, तेही विसरता येणार नाही. पण बिंबा वेगळी. दिवाणखान्यात साध्या पातळात वावरणारी, आणि मनातलं बोलता बोलता गाऊ लागणारी. 'एकलेपणाची आग लागली हृदया' ऐका. संवाद कुठे संपला आणि सूर कुठे लागला, ते कळत नाही.

ती संस्था फार टिकली नाही. बोलपट आले, थिएटरांची सिनेमागृहं झाली, नाटकवाले घरी बसले. अशा पडत्या काळात मो. ग. रांगणेकरांनी 'नाट्यनिकेतन' उभं केलं. आटोपशीर नाटक, मोजकी गाणी आणि नायिका ज्योत्स्नाबाई. १९४२ च्या ऑगस्टमध्ये, बाहेर 'चले जाव'चं वादळ उठलेलं असताना, 'कुलवधू' आलं.

आता तो शब्द आठवा. ज्या घरांतल्या मुलींना ही पदवी नाकारली गेली, त्यांच्यातलीच एक जण भानुमती होऊन उभी राहिली आणि सगळ्या महाराष्ट्राने तिला कुलवधू म्हटलं. इब्सेनच्या 'डॉल्स हाउस' नाटकातल्या नोराची छाया असलेली, संसार आणि स्वाभिमान यांच्या ओढाताणीत सापडलेली ही भानुमती. रांगणेकरांनी हे जाणून केलं असो की नसो, मला तरी या नावापाशी दर वेळी गहिवरून येतं.

'बोला अमृत बोला' हे याच नाटकातलं. चाल मास्टर कृष्णरावांची, भैरवीतली. भैरवी म्हणजे मैफलीची सांगता, निरोपाचा राग. त्या रागात त्यांनी शुभसमयाचं गाणं बांधलं. म्हणून लग्नघरात ते वाजतं तेव्हा मुलीची आई हसत हसत डोळे पुसते.

पुढेही त्यांचं गाणं थांबलं नाही. पु. ल. देशपांड्यांच्या चालीतलं 'माझिया माहेरा जा' हे त्यातलं सगळ्यांच्या ओठांवरचं. ५ ऑगस्ट २००१ ला त्या गेल्या. पुण्यात हिराबागेत त्यांच्या नावाचं सभागृह आहे. १९६४ मध्ये आपल्या नाशिकच्या वसंत कानेटकरांनी 'मत्स्यगंधा' लिहिलं आणि अभिषेकीबुवांनी त्याला आटोपशीर, शब्दाला धरून चालणारी पदं दिली. ती ऐकणारा कान आधी तयार झाला होता, त्यात ज्योत्स्नाबाईंचा वाटा मोठा आहे, असं मी मानते.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली हे गाणं हौसेने घेऊन येतात. पहिल्याच 'बोला'वर गळ्याची हरकत घ्यायला धावतात. मी पेटीचा भाता मिटते. म्हणते, आधी नुसतं बोल. समोर तुझं माणूस रुसून बसलंय, त्याला बोल. मुलगी लाजते, इकडेतिकडे बघते, मग हळूच 'बोला' म्हणते. पुढच्या शब्दाआधी आपोआप एवढासा श्वास पडतो. तो पडला की मी पेटी उघडते.