गिफ्ट : बरणीतलं आणि बोहल्यावरचं

हा हायडेलबर्गचा किल्ला. जर्मन औषधालय संग्रहालय १९५७पासून इथेच आहे. काळ्या चिठ्ठीवर पांढरी अक्षरं असलेल्या या बरण्या नीट पाहा. जुन्या जर्मन औषधालयात जहाल विषाला अशीच चिठ्ठी लागे. त्याहून सौम्य द्रव्याला पांढऱ्यावर लाल. जहाल बरण्यांच्या कुलूपबंद कपाटाला म्हणत 'गिफ्टश्रांक', म्हणजे विषाचं कपाट. जर्मन भाषेत गिफ्ट म्हणजे विष.

आपण वाढदिवसाला देतो ते गिफ्ट आणि हे, दोन्हींचं मूळ एकच : देणे. वैद्य रुग्णाला मोजून देई ती मात्रा, ग्रीक भाषेत 'दोसिस'. त्याचाही अर्थ देणंच. आपला 'डोस' तिथलाच, आणि 'दान'मधला 'दा' धातू त्याच कुळातला. लॅटिन वैद्यकात रुळलेल्या या शब्दाला जर्मनांनी आपला प्रतिशब्द दिला, गिफ्ट. पुढे मात्रेचं विष झालं. घातक वस्तूचं नाव थेट घ्यायला माणूस कचरतोच. फ्रेंचमध्ये विषाला 'प्वाझों' म्हणतात. त्याचं लॅटिन मूळ म्हणजे नुसतं पेय. जर्मनमध्ये देण्याचा जुना अर्थ उरला तो 'मिटगिफ्ट'मध्ये. मिटगिफ्ट म्हणजे हुंडा.

आता स्टॉकहोमचं नगरभवन. इथे नोंदणी लग्न काही मिनिटांत लागतं. पायऱ्या उतरणारं हे जोडपं आता 'यिफ्त' आहे. अक्षरं तीच, स्वीडिश उच्चार यिफ्त, अर्थ विवाहित. विषालाही इथे हाच शब्द. पण विवाहित का? कारण मुलगी दिली जायची. आपल्याकडे आजही सहज विचारतात, "मुलगी कुठे दिली?" स्वीडनच्या १७३४च्या कायद्यात तर देणाऱ्याला नावच होतं, 'यिफ्तोमान'. बहुतेकदा तो बाप असे, आणि त्याच्या संमतीशिवाय मुलीचं लग्न ठरत नसे. तिच्या आयुष्याचा निर्णय त्याच्या हातात होता, आणि कायद्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

जुन्या इंग्रजीतही हा शब्द वधूमूल्याचा, अनेकवचनात लग्नाचा, उच्चारही 'यिफ्ट'. आजचा 'ग' उत्तरेच्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या बोलीतून आला. डचांनी वाटणी केली : देणगी ती 'खिफ्त', विष ते 'खिफ'.

१९२०च्या कायद्याने स्वीडिश विवाहिता सज्ञान ठरली, नवऱ्याचं पालकत्व संपलं. त्या कायद्याच्या नावात 'यिफ्त' होतंच. ते गेलं १९८७च्या नव्या विवाहसंहितेत.